केळशीकर साहेबांची जुळणी

केळशीकर साहेब मेलेल्या माणसालाही अहोजाहो करत. 'प्रेत' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. 'हे गृहस्थ पुलाखाली सापडले.' 'या बाईंच्या पायात जोडवी होती.' सुरुवातीला मला वाटलं, साहेब आपल्या नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांबद्दल बोलून राहिले. चार-पाच दिवसांनी समजलं, की यातलं एकही माणूस त्यांच्या ओळखीचं नाही. ते कोणाच्याच ओळखीचं नाही, आणि अडचण तीच आहे.

मी त्यांच्याकडे ब्यूरोमार्फत लागलो. पेशंट सांभाळायचं काम, सकाळी आठ ते रात्री आठ. घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांचा डावा हात आणि डावा पाय गेला होता, डोकं मात्र जागेवर होतं. बाईसाहेब वारलेल्या, मुलगी परदेशात. ब्यूरोच्या मॅडमनी मला आधीच दम दिला होता, "देशाचे पोलीस प्रमुख होते ते. नीट वाग." मी पोलिसांना भिणारा माणूस.

साहेबांनी खुर्चीतूनच माझी तपासणी केली.

"गाव?"

"गोंदियाकडचं, साहेब."

"शिक्षण?"

"नववी. वडील गेले, मग राइस मिलमध्ये लागलो."

"म्हणजे मराठी वाचता येत असेल. आधी दोन पदवीधर आले होते, त्यांना येत नव्हतं. नाव?"

"भोजराज."

"मोठं नाव आहे. बसा, भोजराज."

मी उभाच राहिलो. ते म्हणाले, "उभं राहायला सांगणारे खूप भेटतील तुम्हाला. मी बसा म्हणालो." त्यांच्या घरात मी पहिल्या दिवसापासून खुर्चीवर बसलो. हे लिहून ठेवावं असं वाटतं, कारण त्याआधी आणि त्यानंतर असं मला कोणी म्हटलं नाही.

'देशाचे पोलीस प्रमुख' हे सोसायटीनं दिलेलं पद. असं पद आपल्याकडे नसतंच, पोलीस राज्यांचे असतात, आपण दिल्लीत एका केंद्रीय दलाचे महासंचालक होतो, हे साहेब प्रत्येकाला समजावून सांगत आणि कोणी ऐकत नसे. शेजारच्या क्लासची मुलं जिन्याच्या तोंडाशी गाड्या लावून जायची, तर सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, "सर, तुमच्या एका फोनवर काम होईल." साहेब म्हणाले, "माझ्या फोनवर गॅसचा सिलेंडरसुद्धा वेळेवर येत नाही. तुम्ही मुलांना सांगून बघा." मी एकदा घरून आणलेल्या मिरच्यांचा ठेचा त्यांना वाढला. डोळ्यांतून पाणी आलं, पण पानात टाकला नाही. पाणी पिऊन म्हणाले, "हा माझ्या नोकरीच्या काळात मिळाला असता, तर पुष्कळ कबुलीजबाब सोपे गेले असते."

दुपारी तीन ते पाच 'काम' असे. जेवणाच्या टेबलावर दोन फायली यायच्या. हिरवीत हरवलेली माणसं, तपकिरीत बेवारस सापडलेली. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मी पोलिसांच्या वेबसाइटवरच्या याद्या छापून आणायचो. वर्तमानपत्रातल्या 'ओळख पटवा' अशा चौकटीही कापून चिकटवायचो. झेरॉक्सवाला मला बघितलं की म्हणायचा, "आली का मुडद्यांची ऑर्डर?" मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना म्हणावं, गिऱ्हाईक चोखंदळ आहे. प्रत स्वच्छ काढा."

मी एका फाईलमधून मोठ्यानं वाचायचो आणि साहेब दुसरीवर बोट ठेवून तपासायचे. ही पद्धत त्यांच्या वडिलांची. वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि लहानगे साहेब त्यांना मूळ कागद वाचून दाखवायचे. "पोलिसात शिकलो त्यापेक्षा जास्त तिथे शिकलो. समोरचा कागद बरोबर आहे असं कधी धरायचं नाही." मी अडखळलो तर थांबायचे. एखादा लांब शब्द तोडून तोडून वाचला की म्हणायचे, "आता सलग." वर्षभरात मी सरकारी कागद न थांबता वाचायला लागलो.

"देशात दोन वह्या आहेत," ते एकदा म्हणाले. "माणूस हरवला की एका ठाण्याच्या वहीत लिहितात. सापडला की दुसऱ्या ठाण्याच्या. या दोन वह्या शेजारी ठेवून बघणं कोणाचंच काम नाही."

"तुम्ही मोठे साहेब होते तेव्हा तुमचं काम होतं ना?" मी विचारून बसलो आणि जीभ चावली.

"होतं," ते म्हणाले. "तेव्हा मी बंदोबस्त बघत होतो. मंत्र्यांचे दौरे बघत होतो. पुढचं वाचा."

माझ्यासमोर एकही जुळणी झाली नाही. मी यायच्या आधी एक झाली होती म्हणे. नाशिककडची एक बाई परराज्यात रेल्वेच्या रुळांजवळ सापडली होती. साहेबांनी सगळं ताडून बघून तिच्या घरी फोन केला. घरच्यांनी ऐकून घेतलं, पुन्हा फोन करू नका म्हणाले आणि ठेवून दिला.

डाव्या-उजव्याची गोष्ट त्यांनी मला करून दाखवली. म्हणाले, "समोर उभे राहा. माझा उजवा हात धरा." मी घाईत आपल्या उजव्या बाजूचा हात धरला. तो त्यांचा लुळा डावा हात निघाला. "हेच," ते म्हणाले. "पंचनामा लिहिणारा मयताच्या पायाशी उभा राहतो, कारण चेहऱ्याजवळ उभं राहवत नाही. पायाशी उभं राहिलं की आपली बाजू उलटी. तो डाव्याला उजवा लिहितो आणि दोन पंच बघितल्यासारखं करून सही करतात."

त्यांच्या पहिल्या नेमणुकीत एक म्हातारी मुलाला शोधत आली होती. मुलाच्या डाव्या पायावर कुऱ्हाडीची जुनी खूण. ठाण्यात एका गृहस्थांची नोंद होती, पण उजव्या पायावर खूण. साहेब तरुण होते, कागदावर विश्वास ठेवणारे. त्यांनी स्वतः म्हातारीला सांगितलं, हा तुमचा नव्हे. ती पाया पडून गेली. नंतर फोटो धुऊन आला, तर खूण डाव्याच पायावर. तोवर त्या गृहस्थांना पुरलं होतं आणि म्हातारी कुठल्या गावची हे कोणी लिहून घेतलं नव्हतं.

म्हणून दिल्लीत आपल्या दलाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसल्यावर त्यांनी सगळ्या राज्यांना एक पानी पत्र पाठवलं. लिहिणाऱ्यानं मयताच्या डोक्याशी, पायांकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे आपला डावा तोच त्यांचा डावा. एवढंच पत्र. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून झालेलं एवढंच काम, असं ते म्हणत. त्यांच्या वाढदिवसाला एक इन्स्पेक्टर गुच्छ घेऊन आले, सोबत फोटो काढायला शिपाई. साहेबांनी त्यांना विचारलं, "अहो, पंचनामा लिहिताना तुम्ही कुठे उभे राहता?" इन्स्पेक्टर हसले. "सर, जिथे सावली असेल तिथे." मग जरा ओशाळून म्हणाले, "सर, आता आपण आराम करा."

"आराम मी पदावर असताना केला," साहेब म्हणाले. "आता कामाला लागलोय."

माझ्या भावाबद्दल मी त्यांना आठ महिने काही सांगितलं नाही. घरचं रडगाणं ऐकून साहेब दुसरा माणूस मागवतील, ही भीती. सुखदेव माझ्याहून चार वर्षांनी लहान. सडकेच्या कामाला ठेकेदाराबरोबर गेला. त्या ठेकेदाराचा नंबर मीच त्याला मिळवून दिला होता. शेवटचा फोन सोलापूरकडून आला आणि मग फोन बंद. गावच्या ठाण्यात आम्ही अर्ज दिला. त्यांनी कागद घेतला, पावती दिली नाही. मी पुण्याला आलो ते सोलापूर इथून जवळ म्हणून. सुट्टीच्या दिवशी लोणी काळभोरपर्यंत जायचो, हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर फोटो दाखवायचो. त्याच्या पुढं जायची हिंमत आणि सुट्टी, दोन्ही पुरत नव्हती.

एका दुपारी तपकिरी फाईल माझ्याकडे होती. मी वाचत होतो, "अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस ते पस्तीस, बांधा सडपातळ, उजव्या दंडावर भाजल्याचा जुना व्रण..." आणि पुढचं वाचता येईना. सुखदेवचा दंड मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या उकळत्या पाण्यानं भाजला होता. पण डावा.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमचे कोण?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. आठ महिने का दडवलं हेही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "लिहिणारा पायाशी उभा असेल." भावाचं मरण जुळू पाहत होतं आणि मला ते जुळायला हवं होतं. चार वर्षं माझी माय दारात बसून होती. तिला एकदाचं काहीतरी सांगता आलं असतं.

त्यानंतर तीन दिवस साहेबांनी माझी जबानी घेतली. दात कसे? पाणी कुठल्या हातानं प्यायचा? पट्टा कितव्या भोकाला लावायचा? अंगठ्याचं नख कसं? मला निम्मं सांगता येईना. मी म्हणालो, "साहेब, चेहरा पूर्ण आठवतो."

"घरच्यांना चेहराच आठवतो," ते म्हणाले. "या गृहस्थांचा चेहरा उरला नव्हता, भोजराज. म्हणून नखाचं विचारतोय."

तरी तीन गोष्टी मिळाल्या. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, कानामागे मस, आणि पट्ट्याला मीच खिळ्यानं पाडलेलं जास्तीचं भोक. यातलं काहीच यादीत नव्हतं. यादी थोडक्यात असते. पण पंचनाम्यात असायला पाहिजे होतं, आणि पंचनामा त्या ठाण्यात होता. सोलापूरच्या पुढचं, हद्दीवरचं ठाणं, नाव लिहीत नाही.

साहेब रोज अकरा वाजता फोन लावायचे. "नमस्कार, मी केळशीकर बोलतोय, पुण्याहून." कोण केळशीकर, असं तिकडून यायचं. साहेब हुद्दा सांगत नसत. रजिस्टर बघून सांगतो, हवालदार रजेवर आहेत, उद्या करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोण केळशीकर. पंधरा दिवस हे चाललं. मला ते बघवेना. एकदा मी म्हणालो, "साहेब, तुम्ही कोण होते ते सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर उत्तर लवकर येईल," ते म्हणाले. "आपल्याला बरोबर हवंय."

हे मला तेव्हा समजलं नाही. आता समजतं, पण उपयोग नाही.

सोळाव्या दिवशी साहेब दुपारचे झोपले असताना मी बाल्कनीतून माझ्या फोनवरून ठाण्याला फोन लावला. जेवढं धीट होता येईल तेवढं होऊन सांगितलं, की जे रोज फोन करतात ते देशाच्या पोलिसांचे प्रमुख होते, त्यांच्याच घरून बोलतोय. तिकडचा आवाज एकदम बदलला. "अरे, मग आधी नाही का सांगायचं? काय काय बघायचंय साहेबांना?" मी सांगितलं. डाव्या दंडावर भाजलेलं, अर्धा दात, कानामागे मस, पट्ट्याला जास्तीचं भोक. तो "हो, हो" म्हणत लिहून घेत होता. फोन ठेवताना मला वाटलं, इतकं सोपं होतं हे.

दुसऱ्या दिवशी दहालाच साहेबांचा फोन वाजला. स्पीकरवर होता. "जय हिंद सर. आपल्या माणसाचं सगळं जुळतंय सर. डाव्या दंडावर भाजलेलं, दात अर्धा, कानामागे मस, पट्ट्याला भोक. शंभर टक्के तोच सर."

मी फोनकडे बघत होतो. साहेब मात्र माझ्याकडे बघत होते. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हळू विचारलं, "तुम्ही त्यांना काय काय सांगितलंत?"

मी बाल्कनीकडे बघितलं. त्यांना तेवढं पुरलं. हात काढून ते फोनमध्ये म्हणाले, "आणि डाव्या पायाला सहा बोटं होती ना?"

सुखदेवच्या पायाला पाचच बोटं.

"होती सर," तिकडून आलं. "सहा बोटं होती सर. पान पाठवतो लगेच."

अर्ध्या तासात माझ्या फोनवर रजिस्टरच्या पानाचा फोटो आला. 'उजव्या' खोडून वर 'डाव्या' केलं होतं. जुन्या, फिकट ओळींच्या मधल्या जागेत ताज्या निळ्या शाईनं दात, मस, पट्टा आणि सहा बोटं, सगळं बसवलं होतं. पंचनाम्याच्या प्रतीतही तसंच. कपड्यांचं गाठोडं जुन्या खोलीत भिजून गेलं, म्हणाले. डीएनए जुळवायला नमुना ठेवला होता का, तर ठेवला असेल सर, आता सापडत नाही. पुरलं कुठे, तर स्मशानाच्या मागं सर, जागा आता दाखवता नाही येणार.

त्या माणसाबद्दल खरं सांगणारं एकच पान उरलं होतं. साहेबांना खूश करायला ठाण्यानं ते खाडाखोड करून टाकलं, आणि ते माझ्यामुळे. मी पाया पडायला वाकलो. साहेबांनी चांगल्या हातानं माझा खांदा धरून थांबवलं.

"तुम्ही तसं का केलंत ते मला कळतं," ते म्हणाले. "आणि त्यानं का केलं तेही कळतं. वरून प्रश्न आला की हो म्हणायचं, हे त्याला आम्हीच शिकवलं. मी स्वतः पस्तीस वर्षं हो ऐकलं. मला वाटायचं, माझं खातं उत्तम चाललंय."

तरी त्यांनी सोडलं नाही. वरच्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, मीच टपालात टाकली. एकाचं उत्तर आलं. आपला अनुभव आम्हाला मार्गदर्शक आहे, असं त्यात होतं. आमच्या गावच्या ठाण्याकडून मात्र त्यांनी चार महिने मागे लागून सुखदेवच्या हरवल्याची रीतसर नोंद करून घेतली. हिरव्या फाईलमध्ये त्याचं नाव आलं, तेवढं एक झालं.

मायला मी फोनवर अर्धवट काहीतरी सांगून बसलो होतो. पितृपक्ष जवळ आला तशी ती रोज विचारायला लागली. एका दुपारी कामाच्या वेळीच तिचा फोन आला. साहेब म्हणाले, "मला द्या."

स्पीकर लावला. माय म्हणाली, "साहेब, मी सुखदेवची माय बोलतो. माह्या पोराचा काई पत्ता लागला का जी?"

"नाही, बाई. पत्ता लागला नाही."

"भोजराज म्हने, कोनी भेटला म्हनून."

"एक गृहस्थ सापडले होते. ते तुमचे चिरंजीव असतील, किंवा नसतील. आता ते कळण्याची सोय राहिली नाही."

"तुमी तं साऱ्या देशाचे पोलीस होते ना जी? तुमाले नाई समजत, तं कोनाले समजन?"

"कोणालाच नाही," साहेब म्हणाले.

माय म्हणाली, "मंग अमावस्येले त्याचं पान मांडू का नोको मांडू, तेवढं सांगा."

मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो. एक शब्द हवा होता. त्यांनी 'मांडा' म्हटलं असतं तर तिनं रडून घेतलं असतं, 'नका मांडू' म्हटलं असतं तर आणखी दहा वर्षं दारात बसली असती. दोन्हीत तिला बरं वाटलं असतं.

"मी काही सांगितलं तर ती खोटी साक्ष होईल, बाई," साहेब म्हणाले. "क्षमा करा."

फोन ठेवल्यावर चहा दिला तो तसाच गार झाला. संध्याकाळी मायचा मला परत फोन आला. म्हणाली, "तुहा साहेब काई कामाचा नाई रे बाबू. पन मानूस चांगला हाय." त्या अमावस्येला तिनं पान मांडलं आणि पुन्हा उचलून ठेवलं, असं मोठ्या बहिणीनं सांगितलं.

दिवाळीनंतर साहेबांना दुसरा झटका आला. मुलगी परदेशातून आली. दवाखान्यात मी दिवसा बसायचो. वाचा गेली नव्हती, पण आता डोकं जागेवर राहिलं नव्हतं. मला कधी वडील समजायचे, कधी स्टेनो. एकदा नर्सला त्यांनी दौऱ्याचा कार्यक्रम विचारला, आणि त्या पोरीनं बिचारीनं आठवडाभराचा सांगितला. दोन दिवसांनी मुलगी त्यांना तिच्या ओळखीच्या एका संस्थेत, मुंबईपलीकडे ठेवणार होती. त्यामुळे पुढे सांगतो त्या दुपारी मी त्यांना शेवटचं बघितलं.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली.

"भोजराज, सुखदेव येऊन गेले."

मी स्टूलवर बसलो होतो, उठलो.

"सकाळी आले होते. तब्येत चांगली आहे. थोडे वाळलेत. मी जेवूनच जा म्हणालो." ते घाईघाईनं बोलत होते, लहान मुलानं शाळेतली गोष्ट सांगावी तसं. मग त्यांचे डोळे एकदम जुन्यासारखे झाले, फाईलवर बोट ठेवताना व्हायचे तसे. "आईंना कळवलंत का?"

"कळवलं," मी म्हणालो.

"काय म्हणाल्या?"

"रडल्या."

"साहजिक आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी चांगला हात पांघरुणाबाहेर काढून माझ्यापुढे धरला. अभिनंदनाला धरतात तसा. मी तो दोन्ही हातांत घेतला, आणि त्यांना झोप लागेपर्यंत सोडला नाही.